उजवी पाकळी

५ डिसेंबर, शुक्रवार

कवटीच नाही म्हणे! असं कुणी बोलतं का बाईला?

स्कॅनिंगचे डॉक्टर आधी छान बडबडत होते. हे हात, हे पाय, हा कणा, हृदय बघा कसं धावतंय. मग एकदम गप्प. मशीन पोटावर फिरवतायत, फिरवतायत, परत तिथंच आणतायत. मी विचारलं, काय झालं? तर माझ्याकडं न बघता नर्सला म्हणाले, "गंडन करी." नवऱ्याला बोलव. मला कन्नड कळत नाही असं वाटलं की काय त्यांना! निपाणीत जन्मले, बेळगावात नांदते. तेवढं कळतं.

विक्रम आत आला, हातात हेल्मेट. मग दोघांना मिळून सांगितलं. डोळ्यांच्या वरचं हाड तयार झालेलं नाही. मेंदूही नाही. पोटात आहे तोवर राहील. जन्मल्यावर काही तास. फार तर एखादा दिवस.

विक्रम म्हणाला, "गोळ्या-बिळ्या काय असतील तर…" डॉक्टरांनी मान हलवली. "तिसऱ्या महिन्यातच दिसलं असतं हे. तेव्हा का नाही आलात?"

आम्ही दोघं फरशीकडं बघत बसलो. काय सांगणार? देवीनं दिलेलं आहे, पाचवा सरेपर्यंत मशीन लावायचं नाही, असं घरात ठरलं होतं म्हणून? आधीची दोन गेली ती दोन्ही स्कॅनिंग झाल्यावर लगेच गेली. तेव्हापासून आत्तींनी — माझ्या सासूबाईंनी — मशीनचीच धास्ती घेतली. "यंत्राची नजर लागती गं." आणि मी, सातवीला विज्ञान शिकवणारी रूपाली टीचर, बरं म्हणाले होते.

येताना रस्ते अडवलेले, विधानसभेच्या अधिवेशनाची तयारी. लांबच्या वाटेनं घरी. दारात आत्ती भाकरतुकडा घेऊन उभ्याच. ओवाळून टाकला. "समदं ठीक हाय न्हवं रं?" विक्रम म्हणाला, "व्हय." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

६ डिसेंबर

हलतंय. कालपासून जरा जास्तच.

७ डिसेंबर, रविवार

आज विक्रमनं घरात सांगितलं. चहा झाल्यावर, कपात बघत.

आप्पा, म्हणजे सासरे, आणि आत्ती माझ्यासाठी म्हणून गाव सोडून अनगोळला आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेत. जांबोटीकडं भाताची मळणी भावकीवर टाकून. ते मी विसरत नाही. पण घर एवढंसं, रडायला कोपरा म्हणून नाही!

आप्पांचा पहिला प्रश्न — "गिराण पाळलं हुतं न्हवं हिनं?" सप्टेंबरातलं ते ग्रहण.

पाळलं की! बाई गं, काय पाळलं! शाळेत बॅटरीपुढं चेंडू धरून पोरांना ग्रहण शिकवते आणि त्या दिवशी खिडक्यांना चादरी लावून, मांडीवर नारळ घेऊन ताठ बसले होते. पाणी नाही, सुरी नाही, कात्री नाही. काही चिरलं नाही, काही मोडलं नाही. फक्त ओढणीला पिन होती. ग्रहण सुटल्यावर लक्षात आलं. कुणाला बोलले नाही. पिनेनं कवटी जात नाही हे मला ठाऊक आहे. पक्कं ठाऊक आहे. तरी परवापासून ती पिन डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ती मात्र भलतंच बोलल्या. "कवळ्या शाळ्याला करवंटी कुठं असती? नुसतं मऊमऊ. निबर झालं की येती. तसंच हुईल पोराचं. डाक्टरला काय कळतंय!"

हसावं की रडावं? आणि खरं सांगू, क्षणभर पटलं मला. शहाळं डोळ्यांपुढं आलं, आतलं पाणी हलताना ऐकू आलं. मग स्वतःचाच राग आला.

९ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरबाईंकडं गेलो. नेहमीच्या. त्या कधी घाई करत नाहीत, आज केली. म्हणाल्या, रूपाली, हे बाळ जगणार नाही. ठेवलंस तर पाणी वाढत जाईल, बाळंतपण अवघड होईल, तुझ्या जिवाला त्रास. सोडवायचं असेल तर वर्ष संपायच्या आत ठरव. पुढं गेलं तर मेडिकल बोर्डाकडं कागद पाठवावे लागतात, त्यात आणखी दिवस जातात.

विक्रम म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

डॉक्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्या दोन डॉक्टरांचं मत लागतं, ते मी बघते. सही हिची एकटीची. दुसऱ्या कुणाची लागत नाही."

माझी एकटीची! अहो, माझ्या एकटीच्या शब्दावर आमच्या घरात डाळ बदलत नाही.

घरी आल्यापासून तेच घोळतंय. दार बंद असतं तर बरं होतं. दारावर डोकं आपटलं असतं, शिव्या दिल्या असत्या. दार उघडं आहे आणि माझा पाय उचलत नाही. कारण नुसते आप्पा-आत्ती नाहीत. मी पण आहे. मला पण भीती वाटते. देवीनं दिलेलं.

११ डिसेंबर, गुरुवार

लिहूनच काढते, म्हणजे डोकं हलकं होईल.

दुसरं गेलं त्यानंतर आत्तींनी मला गावच्या सातेरीपुढं उभं केलं. कौल लावायला. गुरवानं ओल्या पाकळ्या देवीच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आत्तींनी पदर पसरून विचारलं, "ह्या घरात पाळणा हलंल का?" मी मनात म्हणत होते, चिकटपणा, वजन, ओलावा, सगळं विज्ञान. वारा नव्हता. बराच वेळ काही नाही. आणि उजवी पाकळी सुटली. हळूच, कुणी काढून ठेवावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. आत्तींनी तिथंच नवस बोलला — "पैलं लेकरू तुजं, आई. तुज्या वटीत घालीन. नाव तुजं ठेवीन."

मग वर्षभरानं दिवस राहिले.

आता सांगा, मी काय करू? पुस्तकातलं सगळं मला येतं. पण ती पाकळी मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आईचा फोन. निपाणीहून. म्हटलं, आई, थोडे दिवस येऊ का तिकडं? तर म्हणाली — "सासरची माणसं म्हणतील तसं वाग बाई. इथं आलीस आणि काय झालं-बिझालं तर वहिनी काय म्हणंल? भरल्या पोटानं नदी ओलांडायची न्हाय म्हणतात." घटप्रभेवर पूल आहे, आई! मी काय पोहत येणार होते?

फोन ठेवला आणि त्या विनोदावर एकटीच हसले. मग नाही हसले.

१३ डिसेंबर

आज घरात भांडण. आवाज न चढवता, त्यामुळं जास्त वाईट.

आप्पा म्हणाले, "देवीनं दिलेलं हातानं मोडायचं? मग जन्मात पाळणा हलायचा न्हाय ह्या घरात." मी म्हटलं, "पण आप्पा, ते जगणारच नाही." तर म्हणाले, "न्यायचं आसलं तर ती न्हेईल. तिनं दिलं, तीच न्हेईल. आपण मधी हात घालणारे कोण?"

बोलताना सारखे देवाकडं बघत होते. रागावता पण येईना मला. घाबरलेलं माणूस आहे ते.

विक्रम दाढीवरून हात फिरवत बसला होता. बायको गरोदर असली की नवऱ्यानं दाढी करू नये, म्हणून वाढवलीय. फाउंड्रीत सगळे त्याला साधूबुवा म्हणतात. मी डोळ्यांनी म्हणत होते, बोल की रे, बोल! शेवटी बोलला — "देवीलाच इचारूया की, आप्पा. काय म्हणंल ते म्हणंल."

आणि मला बरं वाटलं. हेच तर माझं दुखणं आहे! डॉक्टरबाईंचं 'कर' मला पुरत नाही. मला तिचं 'कर' हवंय.

येत्या मंगळवारी जायचं ठरलं. गुरव मंगळवारीच कौल लावतो.

१५ डिसेंबर, सोमवार

पहाटे गावाहून फोन. आप्पांचे चुलतभाऊ भरमूकाका गेले. भले गृहस्थ. मळणी तेच बघत होते.

सुतक! घराला, भावकीला, सगळ्यांना. तेरावा होईपर्यंत देवळाची पायरी नाही, कौल नाही. आप्पा आणि विक्रम माती द्यायला गेले. म्हणजे आप्पा गेले, विक्रम बाहेर थांबला. बायको गरोदर असली की नवऱ्यानं प्रेताला खांदा देऊ नये. जिकडं बघावं तिकडं माझं पोट आडवं.

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? काका गेले हे नाही. कौल गेला, हे. काय माणूस झाले मी!

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आम्हाला पूजा नाही. शेजारच्या जयाबाईंना सुतकाचं माहीत नव्हतं, त्या हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. नाही म्हटल्यावर दारातूनच पोटाकडं बघून म्हणाल्या, "पुढं आलंय बरं का! मुलगाच. डोहाळजेवणाला हिरवी साडी माझ्याकडून हं."

मी म्हटलं, "हो."

काय बोलणार दुसरं? हो म्हटलं आणि दार लावलं. आत्ती मागं उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्या हातात ताकाचा पेला दिला आणि आत गेल्या.

२० डिसेंबर, शनिवार

दुसऱ्या डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. विक्रमला ड्युटी. आत्ती म्हणाल्या, "म्या येतो. मला बगू दे तुमचं यंत्र काय दावतंय ते."

रिक्षानं गेलो. आतली नर्स अडवायला लागली, आत्तींनी तिला बाजूला सारलं आणि सरळ आत. ही डॉक्टर तरुण पोरगी होती. नर्सला म्हणाली, असू दे, खुर्ची दे. "कूडरी अक्का." आत्ती बसल्या नाहीत.

पडदा त्यांच्याकडं फिरवला. बोट ठेवून आत्तींनीच विचारायला सुरुवात केली.

"ह्ये हात."

"हो."

"ह्ये डोळं न्हवं?"

"हो, आजी."

"आन ह्येच्या वर?"

आत्ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. "वर काय न्हाय," त्याच म्हणाल्या. हळू. मग — "दुखतंय का गं त्येला?"

"त्याला काही कळत नाही, आजी."

"आन हिला?"

डॉक्टर म्हणाली, हिला कळतं. जितके दिवस जातील तितका हिला त्रास. जिवालाही धोका होऊ शकतो.

मी पडल्या पडल्या छताकडं बघत होते. माझ्याबद्दल कुणीतरी विचारलं होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

येताना रिक्षात आत्तींनी माझा हात धरला होता. शहाळ्याच्या गाडीवरून आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

२१ डिसेंबर

आत्ती जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "पित्त झालंया."

२३ डिसेंबर, मंगळवार

सगळं संपलं.

आप्पांनी गुरवाला फोन लावला. स्पीकर चालू, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. तेराव्यानंतरचा मंगळवार धरतो म्हणाले. तर गुरव म्हणतो, "पौष लागला की, आण्णा. पौषात आमची आई कौल देत न्हाय. सक्रात हुंद्या. मग या."

संक्रांत! तोवर डॉक्टरबाईंनी सांगितलेली मुदत उलटून जाणार. आप्पा म्हणाले, "मग आईची तीच इच्छा आसंल." आणि फोन ठेवला. एवढं सोपं. आईची इच्छा.

मी उठले. चप्पल घातली. विक्रम म्हणाला, "कुठं?" मी म्हटलं, "सही करायला." पायरीपर्यंत गेले. खरंच गेले. आणि पोटात हललं. तिथंच बसले मी पायरीवर. शेजारी काय म्हणतील याची शुद्ध नाही. विक्रम येऊन शेजारी बसला. मला वाटलं आता म्हणेल, चल, मी येतो. तो म्हणाला, "थंडी हाय. आत चल."

थंडी आहे म्हणे! कुठं जाऊ? सही केली आणि पुढं कधीच पाळणा हलला नाही तर जन्मभर मीच. नाही केली तर हे असं वाढवत राहायचं, हिरवी साडी नेसायची, ओटी भरून घ्यायची, आणि मग काही तास. देवा, तुला दुसरं कुणी मिळालं नाही का?

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी आत्ती पिशवी भरून तयार. म्हणाल्या, "म्या माह्यराला जातो. आमच्या माउलीदेवीला इचारतो."

आप्पा म्हणाले, "सुतकात?"

"म्या कुठं देवळात जातो? परशराम जाईल. माज्या भावाला तुमचं सुतक न्हाय. आन आमच्या माउलीला पौष-बिष काय न्हाय. ती कवाबी बोलती."

आप्पा गुरगुरले. परशराम मामांचं आणि त्यांचं पटत नाही. आमच्या लग्नात फेट्याच्या मानावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. मामा माझ्याशी मात्र कधीमधी फोनवर बोलतात. आप्पा म्हणाले, "त्या माणसाच्या हातचा कौल?" आत्ती म्हणाल्या, "कौल हाताचा नस्तो. देवीचा आस्तो." तोंडावर कधी उलटून बोललेली बाई नाही ती.

त्यांचं माहेर कणकुंबीच्या पुढं, आत रानात. गाडी क्वचित, मग चालायचं. या वयात. विक्रम म्हणाला, मी सोडतो. "नगं. तुजी बायको संभाळ." शाल घेतली आणि गेल्या. मुक्काम करून उद्या येतो म्हणाल्या.

आज मी मनापासून प्रार्थना केली. बाळ वाचू दे अशी नाही. उजवी पडू दे अशी. आईनं अशी प्रार्थना करावी?

२५ डिसेंबर, गुरुवार

दुपार टळल्यावर आल्या. पाय सुजलेले, शालीला धुराचा वास. पाणी पण न पिता आप्पांपुढं बसल्या. पदराची गाठ सोडली. झेंडूची एक पाकळी, सुकलेली.

"उजवं पडलं."

आप्पा म्हणाले, "काय इचारलंत?"

"सोडवू का म्हणून इचारलं. उजवं पडलं. परशरामच्या अंगात आलं मग. आई म्हणाली, माजं हाय, मला परत द्या. हिला सोडा."

माजं हाय, मला परत द्या!

आप्पांनी दोन्ही हात जोडले, पाकळी कपाळाला लावली. मग विक्रमला म्हणाले, "देवीचा शब्द हाय. डाक्टरीनबाईला फोन लाव."

मी रडले. मोठ्यानं रडले, कोपरा न शोधता. तिनं ऐकलं होतं माझं. नवस तिचा, लेकरू तिचं, तीच म्हणाली परत दे. आता माझ्यावर काही नाही. मी आत्तींच्या पायांना तेल लावायला बसले तर त्यांनी पाय ओढून घेतले. "नगं गं. नगं हात लावू."

तरी मी किती दिवसांनी झोपणार आहे आज.

२७ डिसेंबर

भरमूकाकांचा तेरावा. आप्पा गावी. विक्रम आणि मी दवाखान्यात गेलो. सही केली. रूपाली विक्रम. आडनाव लिहिताना पेन अडलं, नर्सनं दुसरं दिलं.

३१ डिसेंबर

झालं. काल.

गोळ्या, कळा, सगळं बाळंतपणासारखंच. बाळंतपणच ते. विक्रम बाहेर, आत्ती आत, माझ्या डोक्याशी. कळ आली की त्यांचा हात आवळत होते. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, बघायचं का तुला? मी नाही म्हटलं. आत्ती म्हणाल्या, "म्या बगतो."

त्यांनी बघितलं. त्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा धुऊन आणला होता, त्यात गुंडाळलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी हुती. नाक तुजं."

आप्पांनी आणि विक्रमनं पुरलं. कुठं ते मी विचारलं नाही. आज सकाळी विक्रम वॉर्डात आला तर ओळखू येईना. दाढी केली होती. गालावर कापलं होतं एका ठिकाणी. मी बोट ठेवलं तिथं आणि तो एवढा मोठा गडी, हमसून हमसून रडला.

३ जानेवारी, शनिवार

घरी आहे. दूध आलं! कुणी सांगितलं नव्हतं हे. आत्तींनी कोबीची पानं बांधली, आईनं करावं तसं, न लाजता. मी म्हटलं, आत्ती, देवीनं ऐकलं नसतं तर काय झालं असतं हो? त्या म्हणाल्या, "गप पड."

११ जानेवारी, रविवार

बाळाचं सुतक फिटून तीन दिवस झाले. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. आप्पांनी देव मांडले.

पण एक खटकतंय. इतकी वर्षं संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा तो आत्तींनी. दुसऱ्या कुणी काडी ओढली तर तोंड फुगायचं त्यांचं. आता सांज झाली की म्हणतात, "तू लाव गं. माजं हात भरल्यात." हात कोरडे ठणठणीत असतात. मी बघते ना! देवघराकडं पाठ करून बसतात. उठता-बसता 'आई माउली' म्हणायच्या, तेही बंद. आप्पांनी काल विचारलं, तर म्हणाल्या, कंबर दुखती, वाकवत न्हाय.

माझ्यावरच राग असणार. तोंडानं बोलणार नाहीत, पण असणार. देवीनं सांगितलं तरी नातीला हातानं गुंडाळलं ना त्यांनी. मी बघायला पण नाही म्हटलं. समोर आले की त्या नजर चुकवतात. ते मात्र लागतं मला.

नवसाचं काय करायचं, देवीची ओटी कधी भरायची, विचारलं. म्हणाल्या, "तू आन विक्रम जाऊन या. म्या न्हाय येत."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

परशराम मामांना फोन केला. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हटलं. आणि म्हटलं, मामा, तुम्ही कौल लावलात म्हणून मी सुटले, तुमचे उपकार कसे फेडू?

"कसला कौल?" मामा म्हणाले. "आक्का तर गणपतीपास्नं हितं आलीच न्हाय. बरी हाय न्हवं ती?"

बरी आहेत म्हटलं. फोन ठेवला.

मग ती रात्र कुठं काढली त्यांनी? त्या थंडीत?

आतून हाक आली — "रूपाली, दिवा लाव गं. माजं हात भरल्यात."

लावला. हात जोडले. म्हटलं, त्यांचं जे काय असेल ते माझ्या पदरात घाल.